सॉकेटमधली बोटभर वायर

दिल्लीत आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये, आतल्या खोलीच्या खिडकीशेजारी जो पॉवरचा सॉकेट होता, त्यात बोटभर लांबीची एक काळी वायर होती. ती मी बसवली होती. ताईला शॉक बसून तिचं मनगट मोडलं ते त्या वायरमुळे. त्याच दुपारी ती मी काढून टाकली, आणि दोष भाऊजींवर गेला तो जाऊ दिला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे. पुण्याहून इलेक्ट्रिकल इंजिनियर होऊन मी ओखल्याला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो होतो आणि ताईकडे राहत होतो. भाऊजी मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. दोन खोल्यांचं क्वार्टर, पहिल्या मजल्यावर. पुढच्या खोलीतल्या दिवाणावर मी, आतल्या खोलीत ती दोघं आणि माझी भाची. मला तिथे कुणी पाहुणा मानलं नाही आणि ओझंही मानलं नाही.

भाऊजींना दुरुस्तीचा नाद होता. शिक्षण इतिहासाचं, पण हातात स्क्रू-ड्रायव्हर आला की चेहरा बदलायचा. रविवारी सकाळी दाराशी कुणी ना कुणी उभं असायचंच. 

“भाईसाब, प्रेस गरम नहीं हो रही.” 

“रख जाइए. शाम को ले जाना.” 

ताई आतून म्हणायची, “माझा मिक्सर दिवाळीपासून पडलाय. मीही बाहेरून बेल वाजवून येऊ का?” 

“तुझा नंबर आहे ना लाइनीत,” असं भाऊजी गंभीरपणे सांगायचे.

सेक्टरमधल्या आमच्या मंडळाच्या गणपतीची सगळी रोषणाई त्यांच्याकडे असे. माळांचे जोड ते स्वतः तपासत, एकेका जोडावर टेप गुंडाळत. मी डिग्रीवाला असूनही त्या चार-पाच दिवसांत त्यांचा हेल्पर असायचो, आणि मला ते आवडायचं नाही, हेही सांगून ठेवतो.

क्वार्टर्समध्ये एक रीत होती. कुणाची बदली झाली की त्याचं जड सामान दिल्लीतच राहायचं आणि वर-खाली, आजूबाजूला फिरायचं. कूलर, कपाटं, कुंड्या. भाऊजींच्या ऑफिसातल्या एकाची बदली चेन्नईला झाली आणि त्यांचं खिडकीत बसवायचं एसी मशीन आमच्याकडे आलं. उन्हाळ्यात थंड हवा, हिवाळ्यात गरम. चेन्नईत गरम हवेचं ते काय करणार होते! पत्र्याची मोठी बॉडी, पुढे दोन गोल नॉब, त्यातला एक थर्मोस्टॅटचा. खोली हवी तितकी थंड किंवा गरम झाली की थर्मोस्टॅटने मशीन आपोआप बंद करायचं.

मशीन बसवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. 

“आता घरात खरा इंजिनियर आहे,” भाऊजी म्हणाले. “मी आपला इस्त्रीचा डॉक्टर.”

काम मी चांगलं केलं. बोर्डापासून जाड वायरची वेगळी लाइन ओढली, कारण पंख्या-दिव्यांच्या बारीक वायरवर एवढं मशीन चालवलं तर ती भिंतीतच तापते. त्या लाइनला वेगळा फ्यूज दिला. सॉकेटचं बटण फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर आलंय ना, हे टेस्टर लावून पाहिलं. मग सॉकेटच्या वरच्या जाड भोकाकडे वळलो. ते अर्थचं. मशीनच्या पत्र्यात कधी करंट उतरलाच, तर तो या वायरमधून जमिनीत जातो, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. पॉवर पॉइंट जुनाच होता. प्लेट उघडली तर अर्थच्या टर्मिनलला वायरच नव्हती. क्वार्टर बांधलं तेव्हा या खोलीत इस्त्रीपलीकडे काही लागेल असं कुणाच्या डोक्यात नसणार. अर्थ होता तो खाली, जिन्याच्या मीटरबोर्डापाशी.

तो तिथून वर आणायचा होता. अवघड काही नव्हतं. एक वायर, थोड्या क्लिपा, भिंतीला दोन भोकं, एक सुट्टीचा दिवस. पण जून महिना होता, मशीन खिडकीत चढवून झालं होतं, भाची पत्र्यापुढे मांडी घालून बसली होती, आणि ताई पन्ह्याचे ग्लास घेऊन उभी होती. 

“मामा, चालू कर ना यार!” 

“यार काय, मामा आहे तो,” ताई म्हणाली, आणि मग मलाच म्हणाली, “पण कर की रे चालू.”

तेव्हा मी ती बोटभर वायर कापली आणि न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरच्या टर्मिनलमधून अर्थच्या टर्मिनलला जोडून दिली. न्यूट्रल लांब कुठेतरी ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेलाच असतो, त्यामुळे सगळं ठीक चाललेलं असेपर्यंत ही चोरी कळत नाही. टेस्टर पेटत नाही, मशीन चालतं. असं का करायचं नाही, हे मला पाठ होतं. तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न आला होता आणि मी बरोबर उत्तर दिलं होतं. न्यूट्रल वाटेत कुठेही तुटला, तर घरातल्या एखाद्या चालू दिव्यातून किंवा फ्रिजमधून फेज उलटा फिरून त्या न्यूट्रलवर येतो, आणि ती छोटी वायर त्याला सरळ मशीनच्या पत्र्यावर नेऊन ठेवते. सॉकेटचं बटण बंद असलं तरी. न्यूट्रलला बटण नसतंच.

मी प्लेट बंद करत असताना भाऊजींनी विचारलं, “अर्थ आहे ना रे?” 

“आहे,” मी म्हणालो.

पुढच्या रविवारी खरी वायर ओढू, असं मनात होतं. पुढच्या रविवारी मी सिनेमाला गेलो. नंतर आठवणही राहिली नाही. विसरलो असं म्हणताना मला आजही बरं वाटतं, म्हणून नीट लिहितो: महिन्या-दीड महिन्यातून एकदा आठवायचं आणि मी ते बाजूला सारायचो.

उन्हाळा निघाला. सप्टेंबरात मशीन बंद व्हायचंच विसरलं. नॉब कसाही फिरवा, ते चालूच राहायचं. भाऊजी म्हणाले, थर्मोस्टॅट गेलाय. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ऑफिसातून परस्पर भगीरथ पॅलेसला जाऊन, तिथल्या विजेच्या सामानाच्या गल्ल्या पालथ्या घालून, ते नवा थर्मोस्टॅट घेऊन आले. जुना खिशात घेऊन गेले होते, जोडीला जोड लावून बघायला.

“भाऊजी, तो मिक्सर नाहीये,” मी दिवाणावर पेपर वाचत म्हणालो. 

“म्हणून तर मिक्सरच्या आधी घेतला,” ते म्हणाले.

आतून ताईचं हसणं आलं.

त्यांची काम करायची पद्धत मी पाहिली होती. त्या दिवशीही त्यांनी मेन स्विच खाली केला, प्लग काढला, आणि वर ताईला मेन स्विचपाशी उभं केलं, चुकून कुणी वर करू नये म्हणून. 

“मी काय चौकीदार आहे?” 

“चौकीदाराला एवढी बडबड करून चालत नाही.” 

जुना थर्मोस्टॅट काढतानाच एकेका वायरवर टेपचा तुकडा लावून त्यांनी खूण करून ठेवली होती. फेजची वायर थर्मोस्टॅटमधून जाते, न्यूट्रल नाही, हे त्यांनी मला आधी विचारून घेतलं होतं. वायरच्या टोकांवर प्लास्टिकच्या नळ्या चढवल्या. सगळं झाल्यावर पॅनल लावायच्या आधी त्यांनी हाक मारली, “एकदा नजर टाकतोस का?” 

“चालतंय ना? मग झालं,” मी म्हणालो आणि पान उलटलं.

चाललं. खोली थोडी गरम झाली आणि टक् करून मशीन थांबलं. भाऊजींनी ते टक् आम्हाला दोन-तीनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दिवाळीची साफसफाई चाललेली. ताईने आतली फरशी धुऊन काढली होती आणि अनवाणी वावरत होती. मी पुढच्या खोलीत होतो, भाऊजी खाली रद्दीवाल्याशी बोलत होते. पंखा थांबला. 

“लाइट गेली वाटतं,” ताई म्हणाली. “बरं झालं. तेवढ्यात मशीन पुसून घेते.”

दिल्लीत लाइट जाणं ही तेव्हा बातमी नव्हती, सोय होती. लाइट गेली की बायका पंखे पुसायच्या, फ्रिजच्या मागचं झाडायच्या, बोर्डांवरचा मळ ओल्या फडक्याने काढायच्या. आमच्या आईने पुण्यात असं कधी केलं नसतं. ताई इथे येऊन शिकली होती. करंट नाही तर भीती कसली, असा साधा हिशोब. सॉकेटचं बटणही तिने बंद केलं होतं. त्या घरात शिस्त होती.

मला आवाज आला तो स्टूल पडल्यासारखा. आत गेलो तर ती पलंगाच्या कडेवर आपटून खाली पडली होती, उजवा हात अंगाखाली, फडकं अजून मुठीत. मी आधी मेन स्विच पाडला. मग तिला उठवलं. शुद्धीत होती. नंतर म्हणाली, “लाइट नव्हती ना रे?”

भाऊजी धावत वर आले. तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं, भाचीला शेजारी ठेवलं. मी म्हणालो, मी येतो. ते म्हणाले, “तू इथे थांब. काय झालंय ते बघ. तुलाच कळेल.”

समोरच्या घरात पंखा फिरत होता. लाइट फक्त आमचीच गेली होती. जिन्यावरच्या मीटरबोर्डाकडे गेलो. जुन्या घरांत फेजला एक फ्यूज असायचा आणि न्यूट्रलला दुसरा. न्यूट्रलचा फ्यूज जळला होता. म्हणजे घर अंधारात होतं, पण फेज घरभर होता. फ्रिजमधून फिरून तो न्यूट्रलवर आला होता, आणि तिथून माझ्या वायरने मशीनच्या पत्र्यावर. ओलं फडकं, ओली फरशी. मला काहीही शोधावं लागलं नाही.

मी वर आलो, सॉकेट उघडला, ती वायर काढून खिशात टाकली आणि प्लेट पुन्हा बसवली. त्यानंतर मशीनचं पॅनल काढलं. भाऊजींचा थर्मोस्टॅट जसा असायला हवा तसा होता. स्क्रू घट्ट. नळ्या जागेवर. एकही उघडी तार पत्र्याच्या जवळपास नव्हती. मी जास्तच वेळ बघत राहिलो. एखादी चूक सापडली असती तर मला हवी होती.

संध्याकाळी ती दोघं परतली. ताईच्या हाताला प्लास्टर होतं आणि ती दमलेली, पण स्वतःच विनोद करत होती. “दिवाळीचा फराळ आता तुम्हीच करा, दोघं तज्ज्ञ.” 

भाऊजी बसलेसुद्धा नाहीत. “काय निघालं?”

तेव्हा मी म्हणालो, “थर्मोस्टॅटची एक वायर बॉडीला टेकली होती.”

“कुठली?” 

“लाल.” 

“मी नळी चढवली होती त्यावर.” 

“सरकली असेल. मशीन हादरतं ना.” 

“पण लाइट नव्हती. मग करंट कुठून?” 

“आत कंडेन्सर असतो भाऊजी. लाइट गेली तरी त्यात थोडा वेळ करंट साठून राहतो.”

कंडेन्सर असतो हे खरं आहे. त्यात करंट साठून राहतो हेही खरं आहे. बाकी सगळं खोटं होतं. घरात ते ओळखू शकेल असा मी एकटाच होतो. भाऊजींनी मान हलवली. मग ताईकडे बघून म्हणाले, “माझ्याच हातून झालं.” 

ताई म्हणाली, “चलो, जाऊ दे. जिवंत आहे ना मी.” 

मी त्या वेळी तिथेच उभा होतो.

पुढच्या रविवारी मी खालून अर्थची खरी वायर ओढली, खबरदारी म्हणून, असं सांगून. न्यूट्रलच्या फ्यूजच्या जागी सरळ जोड दिला, कारण न्यूट्रल कधीही असा एकटा तुटता कामा नये. भाऊजींनी सगळ्यांना सांगितलं, “मेहुण्याने घर सुरक्षित केलं.” मंडळातल्या दोघा-तिघांनी मला आपल्याही घरी येऊन बघायला सांगितलं. मी गेलो.

ताईचं मनगट जुळलं, पण वाकडं जुळलं. हात पूर्ण फिरत नाही. लाटणं धरता येत नाही. पोळ्या भाऊजी करू लागले. आधी नकाशे लाटायचे, मग जमू लागलं. ऑफिसला जायच्या आधी ते कणीक मळत, पोळ्या लाटत आणि मग पँट चढवत. बाई ठेवू, असं ताई कितीदा म्हणाली. ते नाही म्हणाले. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, पण ते कारण सगळ्यांना माहीत होतं. मला जास्त माहीत होतं.

रविवारी दाराशी येणाऱ्यांना ते सांगत, “अब छोड़ दिया, भाईसाब.” हत्यारांची पेटी त्यांनी खालच्या मजल्यावर देऊन टाकली. पुढच्या गणपतीत रोषणाईची बैठक झाली तेव्हा ते मागच्या रांगेत बसले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “तो करेल. माझा हात नको.” मी केली. त्यानंतर बरीच वर्षं मीच केली.

मग त्याची चेष्टा झाली. घरातली दुःखं जरा जुनी झाली की होतेच. बल्ब गेला तर कुणीतरी ओरडायचं, “भाऊजींना देऊ नका रे, गल्लीची लाइट जाईल!” भाची मोठी झाल्यावर तिने हे हातात घेतलं. “बाबा, रिमोटला हात नका लावू प्लीज, त्यात सेल आहेत.” सगळे हसायचे. भाऊजीही हसायचे, सगळ्यांच्या नंतर. मीही हसलो आहे. एकदा तर माझ्या लग्नाच्या पंगतीत हा किस्सा मीच सांगितला, कंडेन्सरसकट.

त्या घरात मी पुढे थोडाच काळ राहिलो. आता मी मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाचं काम बघतो, नोएडा-गुडगावकडे. साइटवरच्या आमच्या मुलांना माझा जाच वाटतो, कारण कुठलंही मशीन सुरू करायच्या आधी मी अर्थची वायर टोकापासून टोकापर्यंत स्वतः मोजून घेतो. “सर को किसी पे भरोसा नहीं,” असं ते मागे म्हणतात. त्यांची समजूत चुकीची आहे, पण मी ती दुरुस्त केलेली नाही.

भाऊजी निवृत्त होऊन नोएडात फ्लॅटमध्ये आले. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला त्यांनी नवं मशीन घेतलं, गरम-थंड दोन्ही करणारं. भिंतीवरचं. फोन आला: “मिस्त्री येतोय. तू उभा राहा बाबा. मला काही कळत नाही.” ज्या माणसाने फेज कुठल्या वायरवर घ्यायचा हे मला विचारून, समजून, बरोबर घेतलं होतं, तो मला सांगत होता की काही कळत नाही.

मी गेलो. मिस्त्री तरुण होता, घाईत होता, पण काम बरं करत होता. “अंकल, मेन बंद कर दूँ?” असं त्याने विचारताच भाऊजी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. काम संपेपर्यंत ते तिथेच उभे राहिले, आतून कुणी बोलावलं तरी आले नाहीत. ताई डाव्या हाताने चहा गाळत होती. म्हणाली, “असंच आहे त्यांचं. बल्ब बदलायचा तरी वॉचमनला बोलावतात.” 

“का?” मी विचारलं. मला माहीत असताना विचारलं. 

“का म्हणजे? घाबरतात रे. स्वतःला नाही. आणखी कुणाला काही होईल म्हणून.”

मी व्हरांड्यात गेलो. ते कठड्याला धरून खाली मुलांचं क्रिकेट बघत होते. आम्ही दोघंच होतो. 

“भाऊजी,” मी म्हणालो, “त्या वेळचं...”

त्यांनी माझ्याकडे न बघताच हात हलवला. “सोड ते. तू होतास म्हणून निभावलं. मी एकटा असतो तर मला काय झालं ते कळलंही नसतं. परत तसंच केलं असतं मी.”

मी वाक्य पुरं केलं नाही. आतून भाचीचा आवाज आला, ती माहेरी आली होती, “मामा, चालू झालं! बाबांना आत येऊ देऊ का, सेफ आहे का?” भाऊजी हसले आणि माझ्याआधी आत गेले. मी चहा घेतला आणि घरी आलो.

त्याला काही महिने झाले. बरेचदा मनाशी म्हणतो की एवढ्या वर्षांनी सांगून कुणाचं भलं होणार, ताईचं मनगट काही सरळ होणार नाही. हे खरं आहे, पण मनगटाचा प्रश्न नाही. भाऊजी आता सत्तरीच्या पुढे आहेत. आपल्या हातून बायकोचा जीव जात होता, असं समजून त्यांनी आयुष्याचा मोठा भाग काढला, आणि ते चुकीचं आहे हे जगात फक्त मला माहीत आहे. मी गेलो तर कुणालाच माहीत राहणार नाही.

इथे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. त्यांच्या समोर बसून, ताई आणि भाची ऐकत असताना, मला म्हणायचं आहे की तुम्ही थर्मोस्टॅट बरोबर बसवला होता आणि चूक माझी होती. ते अजून म्हटलेलं नाही. भाऊजींचं एवढं देणं मी लागतो.